एकतिसावा पत्ता

ऑफिसच्या सबनेटमध्ये, म्हणजे संगणकांच्या जाळ्यात, तीसच पत्ते होते, दर संगणकाला एक; तीसही वाटून झालेले, आणि एक नवी मुलगी कामावर रुजू झाली.

"नकाशेवाल्या काकांचा पत्ता द्या हिला," साहेब नेटवर्कवाल्या ताईंना म्हणाले. "सहा महिने त्यांचा संगणक बंदच आहे. आता कसले येतात ते!"

"उपचार चालू आहेत हो त्यांचे."

"अहो, दोन मिनिटांचं काम!"

ताई सुट्टीच्या दिवशी एकट्याच आल्या आणि सबनेटची हद्द वाढवून तिसाचे बासष्ट पत्ते केले. मग ती नवी हद्द एकेका संगणकात हाताने भरत संध्याकाळपर्यंत टेबलाटेबलाशी फिरल्या. काकांच्या संगणकावरची धूळ पुसून त्यातही भरली. पत्ता मात्र होता तोच ठेवला.

"एका पत्त्यासाठी डोंगर पोखरलात की!" दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले.

अडीच महिन्यांनी काका आले, काठी टेकत. त्यांनी संगणक सुरू केला आणि अर्धवट राहिलेला नकाशा लगेच समोर उघडला.

"मला वाटलं, माझी जागा एव्हाना कुणाला तरी दिली असेल."

"छे हो काका," ताई म्हणाल्या, "आपल्याकडे पत्ते काय, पडून असतात!"