कबरीवरचं जिरॅनियम

तोरणमाळच्या थंडीत मडमेच्या लेकाच्या कबरीवरचं विलायती जिरॅनियम पार वाळून गेलं होतं. मडम धुळ्याहून परतून कबरीपाशी आल्याचं कळताच माळी लोटन तिथे गेला.

"बाईसाहेब, तुमनं झाड मरी गयं," तो मान खाली घालून कसाबसा बोलला.

मडम चक्क हसली. लेक गेल्यापासून तिला हसताना त्याने पाहिलं नव्हतं. "नाही रे. थंडीत ते वरून वाळतं, खाली मूळ जिवंत असतं. उन्हाळ्याच्या तोंडाला परत फुटेल. वरचं वाळलेलं काढलंस ते ठीक, पण मुळाला हात नाही ना लावलास?"

"नही, बाईसाहेब."

"मग रोज सकाळी आपण दोघं बघायला येऊ." तिने मोकळ्या मातीवरून हळूच हात फिरवला.

लोटन धावतच घरी आला. खाली गावी हंगाम सरल्यावर मिरची उपटतात, तसंच त्याने ते झाड काल मुळासकट उपटून आणलं होतं.

"वं, मी लई वनू ते वाळेल झाड कोठे शे?" त्याने बायकोला विचारलं.

सुंदरबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "ते ना? तेन्हावरच तं हाऊ चुल्हा पेटाडा. बठा जेवाले, भाकर गरम शे."