देवाजीची विहीर

कौसल्याबाईच्या देवाजीनं विलायतेत लोखंडाच्या कारखान्यात राबून नरखेडकडच्या आमच्या गावाला विहीर बांधून दिली. पोरगा बौद्ध वस्तीतला. पण सरपंच म्हणाले, विहीर साऱ्या गावाची, देवळासमोरच घेऊ. पाणी लागलं त्या दिवशी नागपूरहून बुवा आणून कीर्तन ठेवलं. नाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ते आख्यान बुवांनी असं रंगवलं की सारं गाव पदरानं, उपरण्यानं डोळे पुसत होतं. मला तर हुंदका आवरेना.

आरती झाली, लोक विहिरीवर गेले. कौसल्याबाई घागर घेऊन दहा हात दूर उभी राहिली. तासाभरानं कुणीतरी बादली उंच धरून तिच्या घागरीत पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओसरीखाली, अंगणात येऊन बसली. देवाजीला तिची पत्रं मीच लिहून द्यायचो.

"लिवा मास्तर, पाणी लय गोड हाये."

"अन् ते वरून ओततात, ते?"

"थे नोका लिवू. पुढच्या साली शाळा बांधून देतो म्हणते. हे समजलं तं हात आखडन त्याचा. शाळेत तं आपली लेकरं आत बसतीन ना, मास्तर?"

"बसतीन," मी म्हणालो. पत्राची घडी घातली आणि ओसरीवरूनच, हात उंच धरून, तिच्या पदरात टाकली.