न उगवलेला चंद्र

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये मे महिन्यातल्या संकष्टीला चंद्र उगवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात कुमुदताई रिकाम्या बशीसमोर बसून होत्या. खिडकीबाहेर फियॉर्डची निळीशार खाडी, बर्फाळ शिखरे आणि आठवडाभर न मावळलेला सूर्य होता. चंद्रदर्शनाशिवाय उपास सोडण्याची मात्र त्यांची तयारी नव्हती.

“अगं, देखावा बघून पोट भर,” त्यांचे यजमान खांबेटे सर पावाला लोणी फासत म्हणाले.

“अहो, जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलंत ना? मग माझा चंद्र कुठे गेला, ते सांगा. आजच्या बोटीच्या फेरीत चक्कर आली, तर तुम्हीच उचला मला.”

सरांचा हात थांबला. त्यांनी फोनवर चंद्राची जागा पाहिली, कागदी रुमालावर कललेली पृथ्वी काढली आणि तो रुमाल घाईघाईने चुरगाळून खिशात घातला. मग त्यांनी नैऋत्येचा डोंगर दाखवला.

“त्याच्या मागे, क्षितिजाखाली आहे. तिकडेच हात जोड आणि खाऊन घे.”

ताईंनी हात जोडले, बशी भरली. “पण वर का नाही आला?”

उन्हाळ्यात जिथे सूर्य मावळत नाही, तिथे सूर्याच्या विरुद्ध बाजूला असलेला, पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र उगवत नाही. आणि मध्यरात्रीचा सूर्य दिसावा, म्हणून सहलीची तारीख सरांनीच निवडली होती.