पूर्वेची खिडकी

“तुम्ही आमचं आभाळ बंद केलं. हे पहिलं लिही,” मोतीराम म्हणाला.

सरदारनं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. बराकीतल्या सगळ्यांची पत्रं तोच लिहायचा. “काका, ऐसा नहीं लिखते. वर ‘महोदय’ पाहिजे, खाली ‘नम्र विनंती’.”

“विनंती कशाची? जाब विचारतोय मी.”

संध्याकाळची गिनती झाली होती. हर्सूलच्या जेलात दिवस मावळायच्या आतच बराकीला कुलूप लागतं. आभाळात पहिला तारा येतो तेव्हा माणसं आत असतात. उरते ती पूर्वेची खिडकी, गजांची.

त्या खिडकीखाली भाताच्या खळीनं जुनी पत्रकं चिकटवलेली होती, एकावर एक. विद्यापीठातला एक विभाग दर महिन्याला ते पत्रक छापायचा आणि गावोगावच्या वाचनालयांना पाठवायचा. जेलच्या ग्रंथालयातही एक प्रत यायची. त्यात त्या महिन्याच्या आभाळाचा नकाशा असायचा. सरदारनं एकदा विभागाला लिहिलं होतं, आम्हाला सगळं आभाळ नको, एक पूर्वेची खिडकी पुरे. पुढच्या अंकापासून नकाशाखाली एक चौकट यायला लागली. अंधार पडल्यावर पूर्वेला आधी कोणता तारा दिसेल, तेवढंच त्यात. तिथं कुणीतरी माणूस बसलेला होता तेव्हा.

तेच पत्रक मोतीरामच्या गावी, बिडकीनच्या वाचनालयातही जायचं. मोतीरामची बायको गोजरबाई ते वाचून घ्यायची. नवराबायकोचं ठरलेलं होतं, चौकटीतला पहिला तारा आपला. दिवेलागण झाली की ती अंगणात उभी राहणार, हा गजाशी. बोलणं नाही. नुसतं बघायचं.

या महिन्याचं पत्रक आज आलं. नकाशा नाही, चौकट नाही. ‘हा आमचा शेवटचा छापील अंक. यापुढे आम्ही ऑनलाइन भेटू. कागद वाचवू या.’ खाली काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन. कुणीतरी कागद वाचवल्याचं पुण्य पदरात पाडून घेतलं आणि कुलूप लावून घरी गेलं.

मोतीराम दुपारभर कांबळ्यावर उताणा पडून होता. आभाळाचा नकाशा बघायची रीत असते तसं त्यानं पत्रक डोक्यावर धरलं होतं.

“तीन कोपऱ्यांत तीन मोठे हायेत,” तो आता म्हणाला. “मधी नुसती गर्दी. हे कधी उगवतं?”

सरदार हसला. “ते उगवत नाय, काका. त्याच्यावर मोबाइल धरायचा. मग मोबाइलात आभाळ दिसतं.”

“मग धर.”

बराकीत हशा पिकला. “धर की, सरदार,” कोपऱ्यातून कडुबा म्हणाला. “मोबाइल घावला की काकासंगं तूबी इथंच म्हातारा हो.”

मोतीराम हसला नाही. सरदारनं मग आवाज खाली आणला. “परवा तुमचा फोन आहे ना घरी? काकीलाच विचारा.”

“विचारलं होतं मागं. म्हणली, टाकीच्या डाव्या अंगाला, चिंचेच्या वर हातभर.” मोतीरामनं खिडकीकडं बघितलं. “इथं टाकी कुठंय? चिंच कुठंय? तिला शेजारची निशा सांगंल मोबाइलात बघून. ती आपली उभी राहील, बघत. अन् मी भलतीकडं.”



बाहेर काळोख उतरत गेला. तलावाकडून गार वारं आलं आणि भिंतीवरची पत्रकं सुटल्या कडांनी हलली. कुणी जुनी आभाळं चाळत बसलं होतं जणू. सगळ्यांत वर मागच्या महिन्यातल्या कृत्तिका होत्या. खऱ्या कृत्तिका आता अंधार पडेपर्यंत खिडकीच्या वर निघून जायच्या.

मोतीराम उठून गजाशी गेला. आतला दिवा डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यानं हाताचा आडोसा केला. एक तांबूस तारा दिसला. मग त्याच्या डाव्या अंगाला एक पांढरा. बराच वेळ गेला आणि खाली, भिंतीच्या वर, आणखी एक लालसर उगवला.

त्यानं पत्रक गजात धरलं. एकदा आडवं, एकदा उभं. मग म्हणाला, “सरदार, जमलं बघ.”

सरदार उठून त्याच्यामागं उभा राहिला. चौकोनाचे तीन कोपरे आणि बाहेर तीन तारे. तो बघत राहिला तसतसे त्या तिघांच्या मधल्या अंधारात बारीक बारीक ठिपके उजळायला लागले, कागदावरच्यासारखे, मोजता न येणारे. कडुबापण आला. कुणी हसलं नाही.

“हायेत तर सगळे,” मोतीराम हळूच म्हणाला. “पण आमचा कोणता?”

सरदार जागेवर परतला. मांडीवर कोरा कागद घेतला. “महोदय लिहू?”

“नको.”

“बोला मग.”

“लिही. तुम्ही आमचं आभाळ बंद केलं. तुमचा कागद वाचला, चांगलं झालं. आमच्या खिडकीत आज तीन तारे हायेत.” मोतीरामनं गज सोडला नव्हता, मानही वळवली नव्हती. “माझी बायको आत्ता अंगणात उभी आहे. ती त्यातल्या कोणत्या ताऱ्याकडं बघती, ते सांगा. कागदावर सांगा.”