कूलरवरचा लाल टॅग

"हात काढ!"

चंद्रकला एवढ्या जोरात ओरडली की ऋतुजाच्या खांद्यावरचा टॉवेल खाली पडला.

"काहून ओरडून राहिली, आई? कूलर तर लावून राहिली!"

स्विचला दोऱ्यानं बांधलेला लाल टॅग लोंबत होता. 'काम चालू आहे. स्विच लावू नये. हेमराज.' खाली काम पूर्ण होण्याची तारीख: चार जून.

चंद्रकलेचा नवरा हेमराज वीज खात्यात इंजिनिअर. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हाताखालच्या एकाही माणसाला शॉक लागला नाही. नियम एकच: टॅग ज्यानं लावला, त्यानंच काढायचा. काहून म्हणून विचारलं, की तो म्हणे, टॅग वाच. घरी मिक्सर उघडतानाही टॅग. एकदा तो उमरेडला सासऱ्यांच्या टेबलफॅनला टॅग लावून नागपूरला परतला. सासरे चार दिवस पुठ्ठ्यानं वारा घेत बसले. जावई येईल याबद्दल त्यांना शंका नव्हती, आणि तो आलाच.

या वेळी टॅग लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो ऑफिसात गेला आणि तिथूनच गेला. हार्ट, डॉक्टर म्हणाले. वय त्रेपन्न. हातातला चहाचा कप आधी टेबलावर नीट ठेवला, असं सोबतचे सांगतात. त्या सकाळी चंद्रकला त्याच्यावर एका स्टीलच्या वाटीवरून चिडली होती. सहांतली एक हरवली होती. तो काहीच बोलला नव्हता.

"उद्या बाबाची तेरवी आहे. उमरेडचे चाळीस लोक येतीन. भाजून काढते का त्याहिले?"

"भाजू दे. मिक्सरले तुह्या बाबाले अर्धा तास पुरे. कूलरले त्यानं महिना लिवला. काय बिघडलं असन त्यात, सांग बरं!"

दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणीतरी गेल्याचं पेपरात येतंच. घरातलं एक माणूस गेलं होतं. दुसरं ती जाऊ देणार नव्हती. कूलरसमोरून जाताना ती भिंतीला चिकटून जायची. आणि एक गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती: बंद कूलरमधून कधीकधी खरखर ऐकू यायची.

शेवटी हेमराजच्या हाताखालचा लाइनमन धोंडबा याला बोलावलं. टॅग पाहताच तो दोन पावलं मागे सरला.

"वहिनी, मी नाही काढत. साहेब रागावतीन."

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्यानं रुमाल काढला, नाक पुसलं आणि जाऊन मेन स्विच पाडला.

चंद्रकलेनं रबरी चप्पल घातली. ऋतुजाला दहा फूट लांब उभं केलं. तिनं कूलरच्या मागची वाळ्याची ताटी ओढली. आत पुन्हा खरखर झाली. डोळे मिटूनच तिनं ताटी बाजूला केली.

मग एक डोळा उघडला.

पंख्याच्या पात्याला टेकून एक होला बसला होता. पाखरू हललं नाही, फक्त रागानं बघत राहिलं. त्याच्या पोटाखालून दोन बोडक्या माना वर आल्या. पातं फिरू नये म्हणून तारेनं बांधलेलं होतं, अगदी खात्याच्या पद्धतीनं, तीन वेढे. घरट्याखाली पुठ्ठ्याचा आधार होता, आणि ताटीच्या कोपऱ्यात पाखराला जायला-यायला वाट कापलेली. शेजारी कोरडी पडलेली स्टीलची वाटी.

धोंडबा डोकावला. "साहेबानं तारीख बराबर काढली. पिल्लं चार जूनले उडतीन."

चंद्रकलेनं ती सहावी वाटी उचलली. मग पाण्यानं भरून जागेवर ठेवली, ताटी लावली.

"अन् उद्याचे पाहुणे?" ऋतुजानं हळूच विचारलं.

"घाम पुसतीन. पेन आण वं."

टॅगवर हेमराजच्या नावाखाली तिनं आपलं नाव लिहिलं.

"चार तारखेले काढाले कोणी पाहिजे ना."