टीव्हीला न पचलेली फायनल

“कोणाला पटणार नाही, पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरने काल चाळीस वर्षांपूर्वीचा निकाल फिरवला,” मी चहाला जमलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं. माझी बायको शालन कप भरत होती. तिच्या खो-खोच्या फायनलची जुनी व्हिडिओ कॅसेट मी कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये उतरवून आणली होती. लग्नापासून तिने त्या सामन्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि मला तर तो तिच्याच तोंडून ऐकायचा होता.

“आधी फाइल कॉम्प्युटरवरून टीव्हीला नुसती शेअर केली. म्हणजे टीव्हीपुढे कच्चे पोहे ठेवले. भिजव, फोडणी दे, तुझं तू बघ. आमच्या म्हाताऱ्या टीव्हीला कुठलं जमतंय! पडदा काळाच.”

“मग हो?” घोलपवहिनी पुढे सरकल्या.

“मग कॉम्प्युटरवर मीडिया सर्व्हर बसवला. तो आधी टीव्हीला विचारतो, बाबा रे, तुला काय पचतं? मग तसंच शिजवून घास घास भरवतो. आमचा तर इतका दिलदार, की वाढता वाढता शालनच्या संघाला तीन गुण जास्तच वाढले! ढाल घेऊन पोरी मैदानभर नाचल्या, या डोळ्यांनी पाहिलं.”

शालनने किटली आदळली.

“साफ खोटं! हरलो आम्ही, एका गुणाने. पण ऐका, माझ्यासोबतच्या दोघी बाद झाल्या, आणि चार मिनिटं मी एकटी पळत होते. शेवटची शिट्टी झाली तरी नाबाद होते मी!”