मालकिणीने खाल्लेल्या पुऱ्या

पाणीपुरीनंतरची फुकट मसालापुरी बंद केली, तर द्वारकाबाईंचे महिन्याला चार हजार वाचणार होते. गाड्यावरच्या हिशेबयंत्राने बजावलंही, “बाई, फुकट दिलेला माल नोंदवता येत नाही. परवाना जाईल.”

“मग मालकिणीने खाल्ला, असं लिही की मेल्या!”

यंत्राने मुकाट्याने लिहिलं. दिवसाला तीनशे पुऱ्या! महिनाअखेरीस विम्याच्या यंत्राने तो आकडा वाचला, द्वारकाबाईंना अतिलठ्ठ ठरवलं आणि हप्ता तिप्पट केला.

“बाई, अजून बंद करता येईल,” हिशेबयंत्र म्हणालं.

काटकुळ्या द्वारकाबाईंनी पदर खोचला आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातावर पुरी ठेवली. “लिही, आणखी एक खाल्ली.”

पुऱ्या गावाने खाल्ल्या, चरबी कागदावर चढली आणि हप्ता द्वारकाबाईंनी भरला, तोही ताठ मानेने.